माप घ्यायला येणारी माणसं

आई, आज दुपारी महापालिकेचे साहेब येऊन गेले. नोटीस मागच्या आठवड्यातच आली होती: राहत्या घरात शिलाई चालेल, गिऱ्हाइकांची वर्दळ चालणार नाही. तू गेल्यावर मी मशीन पुढच्या खोलीत आणलं, मोठा आरसा लावला. आता चर्चमधल्या लग्नांचे गाऊन माझ्याकडे येतात. एका नवरीबरोबर मावश्या, आत्या, वहिन्या मिळून सात-आठ जणी असतात आणि त्यांच्या गाड्या शेजारच्या काकूंच्या फाटकासमोर लागतात. काकूंनी दोनदा सांगून पाहिलं. मी मनावर घेतलं नाही, तेव्हा त्यांनी अर्ज दिला.

तू कधी कोणाला घरी बोलावलं नाहीस. हे घर आहे, दुकान नाही, म्हणायचीस आणि पिशवीत टेप नि वही घालून पार भिंगारपर्यंत पायी जायचीस. आठवीत मी मैत्रिणीकडे अभ्यासाला बसले आहे, आणि तू तिच्या ताईच्या गाऊनचा घेर लावायला फरशीवर गुडघे टेकून बसली आहेस, ओठांत टाचण्या. तू मला पाहिलंस. मी मागच्या दाराने निघून गेले. घरी तू मला जेवायला वाढलंस, पण विषय काढला नाहीस.

साहेबांनी विचारलं, "ताई, इथं गिऱ्हाईक कधीपासून येतं?" जुनं असेल तर वरिष्ठांशी बोलून बघतो, असंही म्हणाले. डिसेंबरच्या लग्नांचं कापड कपाटात बेतून ठेवलेलं होतं. आईच्या काळापासून, मी म्हणाले. ते लिहू लागले. काकू फाटकाशीच उभ्या होत्या.

"खोटं नको बोलू पोरी. तुझी आई दारोदार हिंडून मापं घ्यायची. माझ्याबी घरी यायची. हितं कोन येत न्हवतं."

साहेबांनी लिहिलेलं खोडलं. आठ दिवसांत येणं-जाणं बंद, नाहीतर खोलीला सील. मी सही केली. आता मलाच लोकांच्या घरी जावं लागणार. तसं नवऱ्यामुलींना फोन करून सांगायचं आहे. अजून एकीलाही केलेला नाही.

काकू बोलत होत्या तेव्हा मला लाज वाटली ती दारोदार या शब्दाची, साहेबांनी तो ऐकला म्हणून. आपण खोटं बोललो हे ते गेल्यावर ध्यानात आलं. मी पन्नाशीला आले, आई, तरी तशीच लाज वाटली. तू समोर असतीस तर हे सांगितलं नसतं.