व्याह्यांचं घट्ट दही

२ फेब्रुवारी, सकाळी ७.४०
आजपासून रोजनिशी लिहिणार. खास कारण नाही. व्याह्यांशी तर अजिबात संबंध नाही.
काल लेकीच्या सासरी जेवायला गेलो होतो. व्याही पोहण्याचे कोच होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, वय अडुसष्ट, म्हणजे माझ्याहून चार वर्षांनी मोठे. पोट औषधालासुद्धा नाही. टेबलाखाली पडलेला चमचा उचलायला वाकले आणि तोंडातून हूं की चूं नाही. मी वाकतो तेव्हा शेजारच्या फ्लॅटला कळतं.
जेवणानंतर त्यांनी काचेच्या वाट्यांतून ग्रीक योगर्ट आणलं. घरी केलेलं. वर सफरचंदाच्या फोडी, चार अक्रोड. मग माहिती. दही फडक्यात बांधून पाणी गाळून टाकायचं. प्रोटीन जवळजवळ दुप्पट, साखर कमी, पोट बराच वेळ भरलेलं राहतं, आतड्यांना बरं, हाडांना बरं. ही म्हणाली, "अय्या, म्हणजे चक्काच की!" मला हिचा अभिमान वाटला. पण व्याही मनापासून हसले, म्हणाले, "अगदी बरोबर बोललात विहीणबाई." या माणसाशी धड भांडताही येत नाही.
निघताना लेक म्हणाली, "बाबांना विचारून कृती पाठवते." बाबा म्हणजे ते. मी समोरच उभा होतो, चपला घालत.

३ फेब्रुवारी
डॉक्टरांकडे रिपोर्ट. हिनेही माझ्याबरोबर रक्त दिलं होतं, उगाच आपलं जाता जाता. माझी साखर बॉर्डरलाइनच्या जराशी वर. वजन शहाऐंशी. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे देतो, खाणं सुधारा, चाला, नाहीतर गोळी सुरू करावी लागेल.
त्यांच्या वजनकाट्यावर तपासणीचा शिक्का नाही. एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो, ही गोष्ट माझ्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. कायदा समजावून सांगितला. वीस मिनिटं लागली. डॉक्टर म्हणाले, बरं, तुमच्यासाठी अर्धा किलो कमी धरू.
संध्याकाळी लेकीचा फोन. "आमचे बाबा म्हणतात, ग्रीक योगर्ट सुरू कर, साखर सहज खाली येईल." लग्नाआधी 'आमचे बाबा' म्हणजे मी होतो.
संकल्प: सहा आठवड्यांत सहा किलो. व्याही एकाहत्तर किलोचे आहेत. (सहज विचारून घेतलं.) तिथपर्यंत जायला पंधरा लागतील, पण माझी स्पर्धा स्वतःशीच आहे.

४ फेब्रुवारी
दूध तापवलं, कोमट केलं, विरजण लावलं. सगळं स्वतः. हिला स्वयंपाकघरात यायला बंदी.

५ फेब्रुवारी, सकाळी ९
मलमलचं फडकं सापडेना. हिला विचारायचं नव्हतं. माझा नवा पांढरा रुमाल घेतला, त्यात दही ओतलं, गाठ मारून सिंकच्या नळाला टांगलं.

५ फेब्रुवारी, सकाळी ९.०४
गाठ सुटली.

५ फेब्रुवारी, दुपारी
हिने सिंक साफ केलं. रुमालात उरलेलं दही आंबट लागलं, म्हणून दोन चमचे साखर घातली. चमचे चहाचे होते.

६ फेब्रुवारी
यश! नऊशे ग्रॅम दह्यातून चारशे दहा ग्रॅम योगर्ट. चमचा उभा राहतो. फोटो काढून लेकीला पाठवला. तिने अंगठा पाठवला. पाठोपाठ व्याह्यांच्या वाटीचा फोटो: किसलेली काकडी, लसूण, मिरपूड, वर हिरवी पानं. कुणी मागितला होता?

७ फेब्रुवारी
टांगण्यासाठी हात वर केला आणि पाठीत उसण भरली. ही म्हणाली, "अहो, उद्यापासून मी करते, तुम्ही नुसतं लक्ष ठेवा." मान्य केलं. कोणत्याही कामात देखरेख हाच मुख्य भाग.

११ फेब्रुवारी
पद्धत बसली. सकाळी योगर्ट काट्यावर मोजून शंभर ग्रॅम. एक ग्रॅम जास्त नाही, कमी नाही. आंबटपणा मारायला मध. मध नैसर्गिक. मग केळं, मनुका, खजूर. व्याही एक सफरचंद घालतात, मी चार प्रकारची फळं घालतो. म्हणजे चौपट फायदा. मध आणि फळं मोजत नाही, कारण प्रश्न योगर्टचा आहे.
ही तिच्या वाटीत काकडी किसून मिरपूड घालते आणि उभ्याउभ्या खाते. मध देऊ केला तर नको म्हणाली. जिभेला चवच उरली नाही बाईच्या.

१५ फेब्रुवारी
लेक आली होती. केस ओले. मी विचारलं, पाऊस लागला का? म्हणाली, "नाही रे, पूलवरून आले. बाबांनी मला पाठीवर तरंगायला शिकवलं!"
ती सहा वर्षांची असताना तिला पाण्याची भीती होती. तीन उन्हाळे मी तिला पूलवर घेऊन जात होतो. ती पायरीवर बसायची, मी तिच्या मागे टॉवेल धरून. एकदाही उतरली नाही. मी एकदाही तिला ओढलं नाही, ढकललं नाही. लोक म्हणायचे, किती शांत बाप आहे. आता ती उतरली तर काठावर ते होते.
"वा वा" म्हणालो. दोनदा म्हणालो बहुतेक. ती म्हणाली, "बाबा, तुला आनंद नाही झाला?" म्हणालो, झाला ना, पाठीत उसण आहे म्हणून चेहरा असा दिसतो.
ती गेल्यावर योगर्ट खाल्लं. दोनशे ग्रॅम. अपवाद म्हणून.

१९ फेब्रुवारी
व्याह्यांचा निरोप, लेकीमार्फत: सँडविचमध्ये मेयोनीजऐवजी ग्रीक योगर्ट लावा, तेल वाचतं. कल्पना बरी आहे, माझ्याही मनात येणारच होती. सँडविच आता पौष्टिक झाल्यामुळे चार खाल्ली.

२२ फेब्रुवारी, सकाळी ६.३०
घरचा काटा: सत्त्याऐंशी. चुकीचा. त्या कोपऱ्यातली फरशी उतरती आहे. खिडकीखाली ठेवला: साडेशहाऐंशी. भिंतीला हलकासा हात टेकवला: ब्याऐंशी. हा आकडा वस्तुस्थितीच्या जास्त जवळचा वाटतो. तरी निकाल राखून ठेवला.

२५ फेब्रुवारी
चालणं सुरू. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन परत. तिथे तयार ग्रीक योगर्टचे कप मिळतात, स्ट्रॉबेरीचे. सवयीने आधी लेबल तपासलं. निव्वळ वजन अगदी बरोबर, छपाई नियमाप्रमाणे. साखरेचा आकडा बारीक अक्षरांत होता आणि चष्मा घरी. शिवाय तो आपल्या खात्याचा विषय नव्हे. दोन घेतले. एक परतीच्या वाटेवर संपला.

१ मार्च
लिफ्ट बंद. तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना. ही भाजीची पिशवी घेऊन तरातरा वर गेली. महिन्यापूर्वी दर मजल्याला गुडघा धरून उभी राहायची. मी वाटेत तीनदा थांबलो. कठडा तपासत होतो.

५ मार्च
व्याह्यांचा स्वतः फोन. आवाजसुद्धा सडपातळ आहे या माणसाचा. म्हणाले, "इन्स्पेक्टरसाहेब, सोळा तारखेला मीही रक्त देतो, तुम्हाला कंपनी. विहीणबाईंचंही करून टाकू. मग माझ्याकडे जेवायला या, सगळे मिळून रिपोर्ट बघू." म्हणजे उघड उघड आव्हान. स्वीकारलं. हिला कशाला मध्ये घेतात कळत नाही, पण माझ्या आकड्यांशेजारी ठेवायला एक साधा माणूस असलेला बरा.
अकरा दिवस. आजपासून मध बंद.

६ मार्च
मध अचानक बंद करणं शरीराला घातक असावं. डोकं दुखलं. निम्मा केला.

९ मार्च
लेकीला फोन केला. उचलला नाही. दहा मिनिटांनी तिचा मेसेज: "पूलमध्ये होते! आज पूर्ण लांबी पार केली!!" दोन उद्गारचिन्हं.
मी लिहिलं: "अभिनंदन. टॉवेल नेला होतास ना?"
उत्तर: "बाबांनी आणला होता."
मध पूर्ववत.

१५ मार्च
उद्या रक्त. आत्मविश्वास दांडगा. जेवणानंतर व्याह्यांचं सांत्वन करायला दोन वाक्यं तयार करून ठेवली आहेत: "वयाचा फरक पडतोच हो," आणि, "तुमच्याकडूनच तर सुरुवात झाली." दुसरं वाक्य उदार आहे. आरशासमोर म्हणून पाहिलं.

१६ मार्च, सकाळी
रक्त दिलं. व्याही, ही, मी. व्याह्यांनी हात पुढे करताना नर्सला हसवलं. मी नर्सला तिथल्या वजनकाट्याबद्दल सांगितलं.

१७ मार्च, दुपारी ४
जे झालं ते झालं तसं लिहितो.
व्याह्यांकडे जेवणाआधीच लेकीने रिपोर्ट उघडले. व्याही नेहमीप्रमाणे नॉर्मल. त्यांनी स्वतःचा कागद पाहिलासुद्धा नाही. मग माझा. साखर आधीपेक्षा वर. बॉर्डर बरीच मागे राहिली. वजन साडेअठ्ठ्याऐंशी. मी काट्याबद्दल बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात लेकीने तिसरा कागद उचलला आणि ओरडली, "आई!"
हिची साखर नॉर्मल. वजन चार किलो कमी. मी म्हणालो, हिला साखर होतीच कुठे? तेव्हा कळलं. फेब्रुवारीत हिची माझ्याहून जास्त आली होती. डॉक्टरांनी त्याच दिवशी, त्याच खोलीत सांगितलं होतं. ही म्हणाली, "तुम्ही तेव्हा डॉक्टरांना काटा समजावून सांगत होता."
मग गेल्या पाच आठवड्यांत घरात काय घडलं तेही कळलं. दूध तापवणं, विरजणं, टांगणं, फडकं धुणं, दोन वाट्या भरणं, आणि रोज दुपारी मी झोपलो की पाऊण तास चालून येणं. मी लक्ष ठेवत होतो. नेमकं कशावर, ते आता आठवत नाही.
व्याही उठून उभे राहिले आणि त्यांनी हिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मग हिने आणलेला योगर्टचा डबा त्यांनी उघडला, एक चमचा खाल्ला आणि डोळे मिटले. म्हणाले, "विहीणबाई, माझं असं कधीच होत नाही. माझं रवाळ होतं." लेकीच्या लग्नापासून दोन वर्षं मी या माणसावर जळतोय आणि हा रवाळ दही खातोय. यात मला आनंद व्हायला हवा होता. पण ते हिच्याकडे ज्या आदराने बघत होते, तसं माझ्याकडे कुणी निवृत्तीच्या समारंभातही बघितलं नव्हतं.
माझी वाक्यं दोन्ही वाया गेली.
नंतर मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. लेक आली. मला वाटलं, समजूत घालेल. ती चिडली. म्हणाली, "खजूर किती खात होतास? आई म्हणाली, डबा आठवड्यात संपायचा. तुला काही झालं तर मी काय करू, सांग ना." आणि बोलता बोलता रडायला लागली. खिशात रुमाल होता तो दिला. तिने नाक पुसलं आणि म्हणाली, उद्यापासून रोज सकाळी सहाला तू बाबांबरोबर चालायला जायचं, मी त्यांना सांगितलंय.
नोंद: त्यांच्यावर ती अशी कधी ओरडल्याचं ऐकिवात नाही.

१८ मार्च, पहाटे ५.५५
गोळी सुरू. रोज एक, नाश्त्याआधी.
ही म्हणाली होती, बूट नवे आहेत, लेस घट्ट बांधा. वाकून पाहिलं. दोन प्रयत्न. शेवटी खुर्चीत बसून पाय पुढे केला आणि ही खाली बसून बांधू लागली. उजवा झाला. डावा घेतला.
तेवढ्यात खालून व्याह्यांची हाक. म्हटलं, आलो आलो. पण ती मला नव्हती. "विहीणबाई! विरजताना दूध किती कोमट ठेवता हो?"
ही लेस तशीच टाकून खिडकीपाशी गेली आणि दोघांचं सुरू झालं. सहा वाजून गेले. बोट बुडवून दाखवण्याच्या गोष्टी चालल्या आहेत.
डाव्या पायाची लेस सुटलेलीच आहे. मी बसलोय.