निळ्या नागाचे सात खंड कोणाला

मी, तेजस्विनी रंगनाथ खर्जुल, वय चोवीस, घरातली पहिली पदवीधर, राहणार जेल रोड, नाशिक रोड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि सगळे नको म्हणत असताना लिहीत आहे. उद्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया आहे. "अगं, खडे काढणारेत, तुला नाय," असे आई म्हणते. तरीही पुस्तकांची व्यवस्था लावल्याशिवाय भूल घेणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

१. स्कूटर भाऊ संतोष यास. ती तशीही त्याच्याकडेच असते. फ्रेम केलेली पदवी आईकडे राहावी; आल्यागेल्याला ती चहाच्या आधी दाखवते.

२. पिठाच्या गिरणीमागची खोली गिरणीवाल्या आप्पांची, म्हणून ती देता येत नाही. फक्त विनंती करते. तिथे मी वाचक कट्टा सुरू केला. आप्पा म्हणतात, "भांडायला का व्हईना, माणसं येत होती. दिवाळीपासून कुलूप हाय. या रविवारी कोणी नाय आलं, तर गव्हाची पोती ठेवतो." आप्पांनी आणखी थोडे थांबावे.

३. कट्टा मोडला तो 'निळ्या नागाची गादी' या माझ्याकडच्या सात खंडांच्या अद्भुत कादंबरीवरून. निवृत्त शिक्षक दिवाकरकाका गर्गे म्हणाले, "यात करुणा औषधालाही नाही. नाग गावंच्या गावं जाळतो!" बँकेतल्या उत्तराताई क्षेमकल्याणी म्हणाल्या, "अहो, त्याच गावांसाठी तो गादी सोडतो. पानोपानी करुणा आहे!"

"कुठे? दाखवा."

"डोळे उघडून वाचा, दिसेल."

"बाई, मी जन्मभर मराठी शिकवलंय!"

"शिकवलंत हो. हे वाचलंत का?"

दोघांनी आपापल्याकडचे खंड गिरणीच्या ओट्यावर आणून आपटले आणि येणे बंद केले. त्यांच्या बाजूचेही यायचे थांबले. यंदा संक्रांतीला एकमेकांना तिळगूळसुद्धा दिला नाही.

वस्तुस्थिती अशी की, काकांनी पहिले तीन खंड नेले ते भांडण होईपर्यंत ठेवूनच घेतले, म्हणून ताईंनी चौथ्यापासून सुरुवात केली. मत मात्र दोघांनीही सातही खंडांवर दिले.

४. सबब, पहिले तीन खंड उत्तराताईंना आणि उरलेले चार दिवाकरकाकांना द्यावेत. अट एकच: शेवटचे पान होईपर्यंत मत देऊ नये. नाशिककरांसाठी ही अट कठोर आहे, याची मला जाणीव आहे.

५. कट्ट्यावरच्या यशोधनने मोबाइलवर याच कादंबरीचा दहा मिनिटांचा सारांश पाहून तासभर भाषण केले. त्याला माझ्या सर्व पुस्तकखुणा. त्या नव्याच राहतील.

ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असा सल्ला मिळाला होता. पण एवढे शेवटपर्यंत वाचणारे दुसरे कोणी सापडले नाही, म्हणून काका आणि ताई दोघांनाही आज घरी बोलावले आहे.

स्थळ: नाशिक रोड
दिनांक: १७ जानेवारी २०२५
(सही) तेजस्विनी रंगनाथ खर्जुल

साक्षीदार १: (सही) दिवाकर गर्गे. नाग दुष्टच आहे. तरी चौथा खंड आजच नेतो. तुझ्या मरणाची वाट पाहत बसायला मला वेळ नाही.

साक्षीदार २: (सही) उत्तरा क्षेमकल्याणी. मीही पहिला नेते. वरील साक्षीदाराने अट पहिल्याच वाक्यात मोडली, याची नोंद व्हावी. बाकी रविवारी समोरासमोर. खोलीची किल्ली आप्पांकडून घेतली आहे.