सैल खांब

सोमवार, ४ तारीख

आले एकदाची. स्टेशनाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, मोरी आतच, आणि खिडकी उघडली की हाताशी फलाटाचं लोखंडी छत, काचा फुटलेल्या, त्यामुळे खालचा फलाट सगळा दिसतो. नातीचं हे स्वतःच्या जबाबदारीवरचं पहिलं काम. आजोबा-पणजोबांच्या काळातलं छत खरवडायचं, गंजलेलं बदलायचं, रंग द्यायचा, काचा बसवायच्या. एवढं छप्पर डोक्यावर घेतलंय पोरीने, म्हणून तिला वेळेवर खायला घालायला मी. ती म्हणाली, आजी, कामगारांना शिकवत बसू नकोस, बोलायचं ते या वहीत लिही. म्हणजे वही माझ्या तोंडावरचं झाकण. असू दे.

खांब बिडाचे, माथ्यावर लोखंडाची पानंफुलं, आणि त्यांवर एवढी धूळ की पेरणी करावी. मजेत आहे मी. खिडकीत बसून लोकांच्या गाड्या चुकताना बघायला मला आवडतं.

गुरुवार, ७

मुकादमाला सगळे ठोक्या म्हणतात. हातोडीने एकेक खांब ठोकतो आणि कान लावतो. ज्याच्यावर छताचा भार तो खांब बद्द वाजतो, रिकामा उभा असलेला गातो. मी म्हटलं, माझे जावई आधी असे ठोकून घ्यायला हवे होते. तो म्हणाला, हातोडी न्या आजी, अजून वेळ गेलेली नाही.

वेटिंग रूमसमोरचा खांब घंटेसारखा वाजला. भार काहीच नाही, आणि बुडाशी गंजून चाळण झालेली. नातीकडच्या जुन्या नकाशात तो नाहीच, नंतर कोणीतरी घुसवलेला. स्टेशन मास्तर म्हणाले, माझ्या आधीपासून उभा आहे, पगार मागत नाही, राहू द्या की. पण ठोक्याच्या कामाची रीतच अशी, ज्यावर भार नाही तो खांब आधी काढायचा, म्हणजे छताला टेकू द्यावे लागत नाहीत. उद्या हाच निघणार.

शुक्रवार, ८

खांब निघाला. छत केसभर हललं नाही. परांचीवरच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, नातीचा चेहरा उजळला. खांब आडवा केल्यावर बघितलं तर खालचं टोक निमुळतं, मेखेसारखं, फरशीत खोल ठोकलेलं. तंबू ठोकायचा होता की काय कुणाला, असं मी म्हणाले. सगळे हसले. खांब वर्कशॉपला गेला, भोकावर लोखंडी पाटी टाकली.

सोमवार, ११

इथली माणसं बसत नाहीत. बाकं रिकामी, आणि प्रवासी सामान घेऊन येरझाऱ्या घालतात. एक बाई तान्हं बाळ कडेवर घेऊन दुपारभर चालत होती. मी वरून ओरडले, अगं टेक की जरा. ती म्हणाली, बसवतच नाही हो. मला वाटलं, लोकांच्या पायाला भिंगरी, माझं काय जातंय.

रंगारीही परांचीवर टिकत नाहीत. जरा ब्रश मारला की उतरून चालायला लागतात. नात त्यांच्यावर चिडली. चिडली तीही चालता चालताच.

बुधवार, १३

नात उभ्याने जेवली. उभ्याने कसली, ताट हातात घेऊन खोलीभर फिरत. मी दटावलं, बूड टेक. टेकलं, आणि लगेच उठली, म्हणाली, आजी, बसलं की खालून कोणीतरी ढकलतं. मला नाही ढकलत, हे धूड हलवणार कोण.

मी खिडकीतून नीट पाहिलं. सगळे छताच्या कडेपासून त्या पाटीपर्यंत जातात आणि तिथूनच वळतात, छताबाहेर कोणी जात नाही. कोणी तिच्यावर पाय ठेवत नाही. तिच्याभोवतीची फरशी पायांनी घासून चकचकीत झाली आहे. कुत्रंसुद्धा तिथून वळतं.

शुक्रवार, १५

दुपारची गाडी आली, थांबली, गेली. कोणी चढलं नाही. जे उतरले ते चालायला लागले. मास्तर हिरवा झेंडा काखेत धरून त्यांच्यातच.

ठोक्याच्या चपला फाटून गेल्या. फरशीवर त्याच्या पावलांचे लाल ठसे. मी खाली जाऊन त्याचा दंड धरला तर मला ओढत नेलं. रडत होता बिचारा. म्हणाला, आजी, पाय माझे नाहीत. म्हणाला, तो खांब वर काही धरून नव्हता. खाली काहीतरी दाबून होता.

मग तो परत आणा, मी म्हटलं.

शनिवार, १६

खांब आला. नवा रंग, झकपक. वर्कशॉपवाल्यांनी काम चोख केलंय. गंजलेलं टोक कापून टाकलं, खाली सपाट बूड जोडलं, बाकीच्या खांबांसारखं.

टोक कुठे, विचारलं. भट्टीत गेलं.

चालत्या माणसांनी कसाबसा उभा केला. हात सोडले आणि आडवा झाला. खालून उचकटला. मी पाहिलं.

नातीला पलंगाला बांधलं, माझ्याच लुगड्याने. पडल्या पडल्या पाय चालताहेत. हवेत. डोळ्यांत झोप मावत नाही आणि पाय—

रविवार, १७

पाणी आणायला खाली गेले होते. गुडघे बोलायला लागले म्हणून जिथे होते तिथे बसले. पाटीवर.

सगळे थांबले.

एकदम. बाळाची आई मटकन खाली बसली. ठोक्या पडला तो पडूनच राहिला. वरून नातीचं घोरणं ऐकू आलं.

उठून पाहिलं. सगळे उठले. मी पुन्हा बसले. सगळे बसले.

म्हणजे वजन हवं. माझं एवढं वजन आजवर डॉक्टरच्या शिव्यांखेरीज कशाच्या कामी आलं नव्हतं.

खाली काहीतरी कूस बदलतंय. पाटी कोमट आहे.

रविवार, अजून

ठोक्याने नातीला सोडवून आणलं. ती मला उठवायला बघते. मी शिवी घातली. म्हटलं, पुढची गाडी धर आणि या छताच्या बाहेर जा, तुझ्या रडण्याने माझं वजन वाढणार नाही. म्हणाली, कोणाला तरी घेऊन येते. आण. आधी जा.

गाडी आली. सगळे चढताहेत. मास्तरसुद्धा. ठोक्या हात जोडत चढला, लंगडत. नात शेवटच्या डब्यात, दाराशी उभी. बस म्हणावं तिला, बस—

पाटी उचलली जातेय. बोटभर. पुन्हा खाली. मी मांडी घातली आहे, दोन्ही हातांनी—एका हाताने फरशी धरली आहे. दुसऱ्याने लिहिते. खाली बघायचं नाही म्हणून लिहिते.

शिट्टी झाली.

डावा पाय सुटला. मी सोडला नाही. आपोआप—

गाडी हलली. इंजिन बाहेर. एक डबा बाहेर. चला, चला रे लवकर. नात बसलेली दिसते, काचेला डोकं टेकून. बसलेली आहे. अजून बसलेली आहे.

शेवटचा डबा छताखालीच आहे. मी उठत नाहीये. देवा, मी नाही उठत, मला उठवतंय ते—