सहापर्यंतचा श्वास

दादी, तुम्हांला मराठी वाचता येत नव्हतं हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मराठीतच लिहिते आहे, कारण तुमच्या लिपीतलं एक अक्षर मला येत नाही आणि हिंदी लिहायला बसले की परीक्षेचा पेपर लिहिल्यासारखं होतं. तुम्हांला जाऊन साठाहून जास्त वर्षं झाली. तुम्ही तेव्हा चाळिशीच्या असाल-नसाल, आणि मी आज तुमच्या दुप्पट वयाची म्हातारी झाले आहे. तुमच्या सिंधीत थोरल्या बहिणीला दादी म्हणतात, हेसुद्धा मला फार उशिरा कळलं. मी आपली आजी समजून हाक मारायची आणि तुम्ही बिचाऱ्या ओ द्यायचात. गोष्टी उशिरा कळण्याचं हे माझं जुनंच दुखणं आहे, आणि हे पत्रही त्याच दुखण्यातून आलेलं आहे.

माझे बाबा अंबरनाथच्या कारखान्यात फिटर. गुरुवारी आमच्या क्वार्टर्समध्ये भजन असायचं, त्यात मी त्यांच्या शेजारी बसून गायची. आवाज बरा होता, पण ओळ अर्ध्यावर आली की माझा श्वास संपायचा आणि बाबांचा पारा चढायचा. "गळा एवढा गोड, पण चार शब्दांत फुस्स," असं ते सगळ्यांदेखत म्हणायचे. मग एका रविवारी ते उल्हासनगरला, निर्वासितांच्या कॅम्प दोनमध्ये सायकलची चेन घ्यायला गेले आणि एका बराकीतून तुमचं गाणं ऐकून रस्त्यातच उभे राहिले. पुढच्या रविवारी मला कॅरिअरवर बसवून थेट तुमच्या दारात. लढाईच्या वेळी सैनिकांसाठी बांधलेली ती लांबच लांब बराक, मध्ये गोणपाटाचे पडदे, आणि एकेका पडद्याआड एकेक कुटुंब. तुमच्या वाट्याला एक खाट, एक चूल आणि पापडाचं पोळपाट. घरात तुमच्याशिवाय कोणी नव्हतं. बाबा म्हणाले, "हमारा मुलगी गाता है, लेकिन दम नहीं टिकता." तुम्ही लाटणं न थांबवता म्हणालात, "गाती है के चिल्लाती है, पहले सुनने तो दो." मी गायले. दुसऱ्या ओळीला तुम्ही उठलात, पिठाचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवलेत आणि खांदे खाली दाबलेत. "ये ऊपर क्यों जाता है? कंधे से कोई गाता है क्या? मेरे को पेट मंगता है, पेट." घरी परतले तेव्हा माझ्या पोलक्यावर तुमचे दहाच्या दहा बोटांचे ठसे होते. आईने ते झटकले, मला आवडलं नाही.

त्यानंतर दीड वर्ष, दर रविवारी दुपारी. आधी तुम्ही मला खाटेवर उताणी झोपवायचात आणि बेंबीवर पितळेची वाटी ठेवायचात. श्वास घेतला की वाटी वर गेली पाहिजे, सोडताना हळूहळू खाली आली पाहिजे, आणि मध्ये ती थरथरली तर तुम्ही लाटण्याने खाटेच्या पायावर ठक्‌ करून वाजवायचात. मग उठून बसायचं आणि तुम्ही पापड लाटायला घेतलात की मी सूर लावायचा. लाटीचा पापड ताटलीएवढा होईपर्यंत सूर तुटता कामा नये. सुरुवातीला माझा सूर पुरीएवढ्यावरच संपायचा. तुम्ही ती पुरी उचलून माझ्या नाकासमोर धरायचात, "ये देख, इतना गाया तूने." मला रडू यायचं आणि तुम्ही हसायचात.

सूर लावायच्या आधी तुम्ही दर वेळी दोन शब्द बोलायचात. एरवी माझ्याशी हिंदी, पण शिकवण्याच्या भरात ती मागे पडायची आणि तुमची भाषा तोंडात यायची. तुम्ही म्हणायचात, "साह खण." मला ऐकू यायचं, सहा गिन. सहा मोज! मला त्यात काही चुकतंय असं वाटण्याचं कारणच नव्हतं. अंबरनाथमध्ये दारोदार पापड विकून मराठी आकडे तुम्हांला येत होते, आणि दादरा तालाच्या मात्रा सहाच असतात एवढं बाबांनी मला शिकवलं होतं. म्हणून मी मनात एक, दोन करत सहापर्यंत पोट भरून श्वास घ्यायची, आणि तुम्ही खूश होऊन मान डोलवायचात. एखाद्या चुकीचा इतका उपयोग कुणाला झाला नसेल. सहा महिन्यांत माझा सूर ताटलीएवढा झाला. भजनात बाबा माझ्याकडे वळून बघायला लागले. तुम्ही ती वाटी मला देऊन टाकलीत, "घर में भी लेट, रोज," म्हणालात, आणि स्वतःसाठी मिठाची वाटी रिकामी करून घेतलीत.

माझा श्वास असा वाढत होता आणि तुमचा कमी होत होता. मी ते पाहत होते आणि मला ते दिसत नव्हतं. उडदाचं पीठ, मिऱ्याची पूड, चुलीचा धूर, त्या कोंदट पडद्याआड दिवसभर तुम्ही. गाऊन दाखवता दाखवता तुम्हांला ढास लागायची. मी थांबले की मात्र तुम्ही चिडायचात. "मेरी खांसी मेरे पास, तेरा सुर तेरे पास. छोड़ना नहीं, कुछ भी हो जाए." तुम्ही एकदाच सांगितलं होतंत की तिकडे सिंधमध्ये तुम्ही सकाळी देवळात गायचात आणि आवाज नदीपलीकडे जायचा. मी विचारलं, इथे का नाही गात? तुम्ही म्हणालात, "इधर तू गा." मला तेव्हा ते कौतुक वाटलं.

तो रविवार थंडीतला. बाबा मला सोडून पंक्चर काढायला गेले होते. तुमचा चेहरा ओढलेला होता, पण पोळपाट पुढ्यात होतं, म्हणून मी नेहमीसारखी बसले. मी सूर लावला. पापड अर्धा झाला आणि तुमचं लाटणं थांबलं. तुम्ही म्हणालात, "साह..." मला वाटलं, पुन्हा म्हणताय. मी सहा मोजून पुन्हा श्वास घेतला आणि आधीपेक्षा मोठा सूर लावला. तुम्ही पुन्हा म्हणालात, "साह, साह..." मी आणखी मोठ्याने. असा भरलेला, गोल, न हलणारा सूर माझ्या गळ्यातून त्याआधी कधी निघाला नव्हता. तुम्ही खाटेला धरून खाली घसरलात, पापडांची ताटली पालथी झाली, त्या आवाजाने पडद्यापलीकडची बाई धावत आली. मग आरडाओरडा, बाबा, टांगा, इस्पितळ. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. ती शेजारची बाई बाबांना सांगत होती, "मैं तो बाजू में ही बैठी थी. लड़की का आवाज आ रहा था ना, मैं समझी सबक चल रहा है." हे वाक्य मी, दादी, आजवर विसरू शकलेले नाही. तुमची घरघर पडद्यापलीकडे गेली असती. माझ्या आवाजाने ती जाऊ दिली नाही.

पुढे मी उल्हासनगरात शाळेत नोकरी केली. एकदा आमच्याबरोबरच्या एक सिंधी बाई जिना चढून आल्या, छातीवर हात ठेवून भिंतीला टेकल्या आणि म्हणाल्या, "साह..." मी विचारलं, सहा काय? त्यांना हसू आवरेना. "अहो, साह! श्वास! दम लागला मला." मी हातातला खडू टाकून खाली जिन्यावरच बसले. तुम्ही दीड वर्ष मला श्वास घे म्हणत होतात. आणि शेवटच्या दिवशी तुम्ही मला काही शिकवत नव्हतात, तुम्हांला श्वास हवा होता, तेवढंच सांगत होतात. मी उठून गोणपाट वर केलं असतं, ओरडले असते, तर काय झालं असतं? डॉक्टर बाबांना म्हणाले होते की छाती आधीच गेलेली होती. खरं असेल. आज विचारायला ना तो डॉक्टर उरला, ना बाबा, आणि ती बराक पाडून तिथे दुकानं झाली. मी कितीही उलटसुलट केलं तरी तुम्ही दर वेळी घसरतच असता आणि मी दर वेळी गातच असते.

आता मी बदलापूरला, मांजर्लीत, लेकीकडे असते. मलाही हल्ली दम लागतो, लेक पंप हातात देते. दुपारी मी आडवी होऊन तीच वाटी पोटावर ठेवते. ती आता तीनला थरथरते. सोसायटीतल्या दोन मुली माझ्याकडे गाणं शिकायला येतात, त्यांनाही मी सहाच मोजायला लावते. सहाच का, असं एकीने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, माझ्या बाईंनी सांगितलं होतं. ही गोष्ट मी बाबांना, नवऱ्याला, लेकीला सगळ्यांना सांगितली आहे, आणि सगळ्यांनी मला तेच सांगितलं, की तू लहान होतीस, तुला शब्द कळला नाही, त्यात तुझा काय दोष. मला ते ऐकायचंच असायचं, म्हणून मी पुन्हा पुन्हा सांगायची. सांगताना एक वाक्य न चुकता घालायची, की गाताना माझे डोळे मिटलेले असायचे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा इथे तरी खरं लिहिते. दादी, त्या दिवशी माझे डोळे उघडे होते. पुन्हा श्वास घेताना चार मोजले तेव्हाच मला तुमचा पुढे आलेला हात दिसला. तुम्हांला काहीतरी होतंय हे मला कळलं. पण सूर इतका छान लागला होता की मी सहापर्यंत गेले.