मात्रांच्या रेघा

बाई, उद्या एक मुलगी माझ्यामुळे खोटी गोष्ट टाइप करायला देणार आहे, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. मी इथं मिनेसोटात, विद्यापीठाच्या ग्रंथालयात, जुन्या पुस्तकांची साफसफाई करते. ऐंशीच्या हिवाळ्यात कामाला लागले, त्याच आठवड्यात चारशे वर्षांपूर्वी युरोपात छापलेलं गाण्याचं एक पुस्तक माझ्या टेबलावर आलं. स्वरांच्या मधेमधे कुणा मालकानं शिसपेन्सिलीनं बारीक उभ्या रेघा मारल्या होत्या. मला तो गचाळपणा वाटला. मऊ रबर घेतलं आणि समोरासमोरची दोन पानं, एक अख्खं गाणं, लख्ख केलं. मग जेवणाची सुट्टी झाली, आणि परत येईपर्यंत पुस्तक कपाटात गेलं होतं.

नागपूरची ती मुलगी त्याच पुस्तकावर संशोधन करते. काल आली. "काकू, हा माणूस रेघा मारून ताल मोजायचा. तेव्हा छापताना मात्रा पाडून देत नसत ना! पण हे एकच गाणं कोरं. म्हणजे हे त्यानं कधी म्हटलंच नाही. थीसिसमध्ये टाकते, सॉलिड पॉइंट आहे."

"आधी खात्री करून घे."

"कुणाला विचारू? त्याला बोलावता का तुम्ही?" ती हसली. मी कार्डं लावत राहिले.

हे कळायला मला ती मुलगी का लागावी? झपताल सुटत होता म्हणून तुमच्या नोटेशनच्या पुस्तकात मी अशाच रेघा मारल्या होत्या. तुम्ही पेटीचा भाता थांबवता, म्हणता, "पुस्तक आहे की पाटी? पूस सगळं." साऱ्या वर्गासमोर मी पुसते आहे. ती शिस्त मी जन्मभर मिरवली.

आज सकाळी ते पान खिडकीशी तिरपं धरलं. रेघांचे वळ अजून दिसतात. कुणी पाहील अशी धास्ती वाटली, मग कुणी पाहणारच नाही अशी त्याहून जास्त. नोकरी जाऊ शकते, तरी पानांचे क्रमांक टिपून घेतले.

बाई, तेव्हा वर्गात तुमच्या पुस्तकातलं शेवटचं पान मी पुसलं नव्हतं. पुसलं म्हणून सांगितलं.

हे पत्र मधेच ठेवून दुपारी विभागप्रमुखांच्या हाती दिलं: पुस्तक एक. पुसलेल्या दोन पानांचे क्रमांक आणि कबुली, माझ्या अक्षरात, सहीसह. तिची नक्कल त्या मुलीला. रबर कुणी मागितलं नव्हतं, तेही दिलं.