टाकीच्या पलीकडचा ससा

आई, मी छऱ्याची बंदूक घेतली. हे ऐकून तुला आनंद झाला असता आणि पुढच्याच वाक्याला तो मावळला असता, कारण मी मोठ्या छऱ्याची, पॉइंट टू टू घेतली नाही. वन सेवन सेवन घेतली, बारकी. त्या एका संध्याकाळनंतर तू जिला पुन्हा हात लावला नाहीस, तसलीच. तू असतीस तर दोन दिवस माझ्याशी बोलली नसतीस, आणि तिसऱ्या दिवशी गाडीत बसून बंदूक बघायला आली असतीस.

बेसिंगस्टोकच्या बाहेर एका बाईचं भाजीपाल्याचं शेत आहे. आठवडाभर ऑफिसात स्क्रीनकडे बघून माझी मान आखडते, म्हणून रविवारी मी तिच्याकडे तण उपटायला जाते. यंदा सशांनी लेट्यूसच्या ओळीच्या ओळी फस्त केल्या. तिने जाळी लावली, तर ते जाळीखालून खणून आले. कुणी नेमबाज ओळखीत आहे का, असं ती सगळ्यांना विचारत होती आणि मी बोलता बोलता सांगून बसले की माझी आई ससे मारायची. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करणारी, टिकली लावणारी, पाच फुटांची बाई बर्मिंगहॅमबाहेरच्या शेतात पोटावर झोपून ससे मारायची, हे तिला पटवायला मला बराच वेळ लागला. पटल्यावर तिने मलाच परवानगी देऊन टाकली. अट एकच. एक जरी जनावर जखमी होऊन पळालं, तर बंदूक पुन्हा तिच्या शेतात दिसता कामा नये. मी लगेच हो म्हटलं. ती अट माझ्या मनात तिच्या आधीपासूनच होती.

तुझी ती गॅरेजमधली चूल मला अजून जशीच्या तशी दिसते. बाबांच्या घरात अंडंसुद्धा शिजत नव्हतं आणि तू माहेरी मामांबरोबर रानात वाढलेली, तेव्हा लग्नानंतर तुमचा तह झाला तो असा, की घरातल्या भांड्याला मटण लागायचं नाही. म्हणून गॅरेजमध्ये कॅम्पिंगचा गॅस, एक पोचे आलेलं पातेलं, एक वेगळी पळी. वाटण मात्र तू स्वयंपाकघरातल्याच मिक्सरवर करून न्यायचीस, कांदा-खोबरं काही मांसाहारी नसतं असा तुझा युक्तिवाद. मी जुन्या टायरवर बसून जेवतेय, तू उभ्यानेच रश्श्याची चव बघतेयस आणि बाबा मधल्या दारातून नाक धरून विचारतायत, "आज खानावळ चालू आहे वाटतं?" तू म्हणायचीस, "चालू आहे. उधारी बंद आहे." मग ते हसत आत जायचे आणि दार घट्ट लावून घ्यायचे.

तुझ्या शिकारीचं वेळापत्रक कालनिर्णयवर चालायचं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, बंदूक कपाटात. श्रावणात तर महिनाभर. इथे नेमकी तेव्हाच कापणी होते आणि कबुतरं थव्याने शेतात उतरतात. तुला शिकारीची परवानगी देणारा तो म्हातारा शेतकरी कळवळून फोन करायचा, आणि तू त्याला शांतपणे सांगायचीस की गणपती झाल्यावर येते. गणपती म्हणजे काय ते त्याला कधी कळलं नाही. पुढे पुढे तोच कबुतरं दिसली की विचारायचा, तुमचा तो देव गेला का घरी.

आणि मग ती गटारी. मी चौदा वर्षांची असेन. अमावस्या रविवारची होती, दुसऱ्या दिवसापासून श्रावण. तू आपल्या ओळखीच्या चार घरांना जेवायला बोलावलं होतंस आणि सगळ्यांना छाती पुढे काढून सांगितलं होतंस की यंदा चिकन-बिकन नाही, ससा. एक-दोन फ्रीजरमध्ये होते, पण एवढ्या माणसांना पुरणारे नव्हते. आदल्या दिवशी तुझी ड्यूटी होती. रविवारी दुपारभर पाऊस पडला. तो थांबल्यावर आपण दोघी निघालो. तेव्हा तुझ्याकडे वन सेवन सेवनच होती. त्या कुरणात गुरांसाठी पाण्याची एक पत्र्याची टाकी होती आणि तुझा नियम मला पाठ होता, ससा टाकीच्या अलीकडे असला तरच मारायचा, पलीकडे असला तर तो आपला नाही, कारण नेम तिथवरच पक्का. त्या संध्याकाळी अलीकडे एकही आला नाही. पलीकडे एक बसला होता, कान उभे करून. तू घड्याळ बघितलंस. मला वाटलं, आता तू उठशील. तू बंदूक उचललीस.

छर्रा लागल्याचा आवाज आला. ससा उडाला, पडला, आणि मागचे पाय ओढत बिळात गेला. तू धावत जाऊन त्या बिळात खांद्यापर्यंत हात घातलास. मग दुसऱ्या बिळात. मग तिथेच ओल्या गवतात बसलीस. तू रडली नाहीस. रडली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

घरी पाहुण्यांनी दुकानातलं चिकन खाल्लं. तू सगळ्यांना वाढलंस आणि स्वतः आत जाऊन बाबांबरोबर वरण-भात खाल्लास, ते नुसते बघत राहिले. एका काकांनी चेष्टा केली, "वहिनी, ससा काय श्रावण धरून बसला का?" तेव्हा तू म्हणालीस, "बंदूकच बारकी आहे हो. छर्रा सुईसारखा आरपार जातो, जनावर पडत नाही. आता मोठी घेते." म्हणताना तू माझ्याकडे बघितलंस. मी ताटाकडे बघितलं. टाकी कुठे होती आणि ससा कुठे होता, हे त्या घरात आपल्या दोघींनाच माहीत होतं.

गणपती झाल्यावर तू टू टू घेतलीस. पुढे कुणी विचारलं की ठासून सांगायचीस, पाखराला बारकी चालेल, सशाला टू टूच. मला तुझा राग यायचा. नेम चुकतो, कुणाचाही चुकतो. तू दोष बंदुकीवर टाकलास याचा राग होता, आणि तो तू गेल्यावरही कितीतरी वर्षं गेला नाही. बाबांनी तुझी टू टू त्या शेतकऱ्याला देऊन टाकली, तेव्हा मी मागितलीसुद्धा नाही.

तरी दुकानात गेल्यावर माझ्या तोंडून आधी तुझंच वाक्य आलं. माझी आई सशाला टू टू वापरायची, असं मी सांगितलं. दुकानदार वयस्कर होता, घाईत नव्हता. त्याने दोन्ही छर्रे माझ्या तळहातावर ठेवले. लायसन्सशिवाय मिळणाऱ्या बंदुकीचा जोर कायद्याने बांधलेलाच असतो, त्यामुळे दोघींची ताकद सारखीच, असं तो म्हणाला. मोठा छर्रा जड, तो ठोसा चांगला देतो पण लवकर खाली येतो, म्हणून अंतराचा अंदाज पक्का लागतो. बारका सरळ जातो, वारा असेल तर जरा भरकटतो. डोक्यात बसला तर दोन्हींनी ससा जागच्या जागी मरतो, आणि भलतीकडे बसला तर दोन्हींनी हाल होतात. मग त्याने विचारलं, "तुमचं काय चुकतं, अंतर की हात?"

मी विचार केला. मला गाडी रिव्हर्स घेताना मागची भिंत किती लांब आहे ते आजही कळत नाही. म्हटलं, अंतर. "मग बारकी घ्या," तो म्हणाला. इतकं साधं होतं ते. मला वाटलं, तुला कुणी हे विचारलंच नाही. पाच पौंडांच्या पार्किंगसाठी दुकानाबाहेर भांडणारी तू, तुला विचारायची हिंमत तरी कुणाची होती म्हणा.

मग मी शेतावर कागद लावून सराव केला. नाण्याएवढ्या गोलात प्रत्येक छर्रा बसला पाहिजे, जिथून बसणार नाही तिथून जनावरावर झाडायचा नाही, हेही दुकानदाराचंच. जिथवर बसत होता तिथे मी एक पांढरी खुंटी ठोकली. खुंटी ठोकताना मला फार शहाणं झाल्यासारखं वाटलं, हे कबूल करते. तुझं जे चुकलं ते मला कळलंय, आणि मी ते होऊ देणार नाही, असं.

हे पत्र मी बंदुकीच्या पिशवीच्या कप्प्यात ठेवणार आहे, छऱ्यांच्या डब्याशेजारी. तू तिथेच आधी बघितलं असतंस. एक सांगायचं राहिलं.

काल संध्याकाळी मी खूप वेळ पडून होते. खुंटीच्या अलीकडे काही आलं नाही. पलीकडे एक ससा येऊन बसला. पाहुणे यायचे नव्हते, गटारी नव्हती, मला नुसतं घरी जायचं होतं, सकाळी लवकर मीटिंग होती. मी झाडली. मातीचं ढेकूळ उडालं आणि ससा चारही पायांवर धडधाकट पळाला. मी गुडघ्यांवर बसून गवत चाचपलं. रक्त नव्हतं, केस नव्हते. मला इतकं हायसं वाटलं की उठवेना. तेवढ्यात शेतमालकीण येऊन मागे उभी राहिली आणि काय झालं म्हणून विचारलं. नेम चुकला एवढं म्हणून मी थांबायला हवं होतं. मी म्हणाले, "बंदूकच बारकी आहे. टू टू घ्यायला हवी होती."

ती बरं म्हणाली. खुंटी कुठे आहे ते मी तिला दाखवलं नाही.