कानाला लागलेला लांबचा नंबर

हेब्बाळ, बेंगळूर
रविवार, सकाळचा दुसरा चहा

ती. विद्याधरअण्णा यांना श्रीधररावाचा, एक पाय स्टुलावर ठेवून केलेला, नमस्कार.

आपला गुडघा आता कितव्या पायरीवर कुरकुरतो? देवनहळ्ळीच्या नव्या घराचा स्लॅब पडला हे कळून आनंद झाला (पडला म्हणजे ओतला असं धरून चालतो, आपला कंत्राटदार मला ठाऊक आहे). इकडे सगळं ठीक. हे वाक्य परवापर्यंत माझ्या हातून लिहून झालं नसतं, त्याचीच ही हकिगत.

अण्णा, हमाली करत आलेला मी माणूस, वखार उभी केली ती कानांवर. लाकूड डोळ्यांनी सगळेच बघतात. मी बोटाच्या पेरानं वाजवतो आणि ऐकतो. टणक बोललं तर घ्यायचं, भद्द बोललं तर समजायचं, आत वाळवीचा संसार आहे. व्हाइटफील्डचे कॉम्प्युटरवाले आजही फळी घेताना म्हणतात, ‘अण्णा, स्वल्प वाजवून द्या.’ अशा माझ्या घरात चिरंजीव रविकिरणनं सागवानी चौकटी उपटून प्लॅस्टिकच्या खिडक्या-दारं बसवायला काढली! मी पुष्कळ आकांडतांडव केलं. लाकूडवाल्याच्या घरी प्लॅस्टिक म्हणजे हलवायानं शेजारून पेढे मागवण्यासारखं. पण बसवणारा महांतेश विजापूरकडचा, आपली सीमेवरची मराठी बोलणारा, जिभेवर खडीसाखर. स्थळ सांगावं तसे त्यानं गुण सांगितले: पावसात फुगत नाही, कुजत नाही, गंजत नाही, वाळवी तोंड लावत नाही, रंगरंगोटी मागत नाही, पोटात पोलादी पट्टी म्हणून वाकत नाही, ओलं फडकं फिरवलं की पुन्हा नवी. मी म्हटलं, इतकी गुणी तर रविकिरणलाही मिळाली नाही. (सूनबाई भव्या पलीकडे चहा गाळत होती. पुढचे दोन दिवस मला साखर दिसली नाही.)

खिडक्या बसल्या त्याच संध्याकाळी व्हरांड्यात रचलेल्या जुन्या चौकटींना अडखळून पडलो. सागवानानं सूड घेतला म्हणा. घोटा भोपळ्याएवढा, आणि डॉक्टरांचा हुकूम, सहा दिवस उंबऱ्याबाहेर पाऊल नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या खिडकीशी बसलो, तर काय! रिंग रोडवर बस दिसते, पण आवाज नाही. समोरच्या गच्चीवर मथुराबाई नवऱ्यावर तुटून पडलेली, हात नाचतायत, पण शब्द नाही. (ते भांडण मी वीस वर्षं नेमानं ऐकत आलोय, नेमकं रंगात आलेलं असताना हे.) घरातला मिक्सर मात्र कानठळ्या बसवतो. म्हणजे जवळचं ठीक, दूरचं गेलं! माझं निदान झालं: डोळ्यांना लागतो तसा कानांना लांबचा नंबर लागला. आज लांबचं गेलं, उद्या जवळचं जाणार, आणि परवा फळी वाजवून मी भद्दला टणक म्हणणार. कुणाला सांगण्याची सोय नाही. त्यातच आमची सौ. पुष्पावती भाजीच्या पिशव्या घेऊन फाटकाशी सातदा ओरडली, आणि मी काचेआडून हसून हात हलवला. आत आल्याबरोबर तिनं मला बहिरा जाहीर केलं. तेव्हापासून माझ्याविषयी माझ्यासमोरच बोलणं सुरू झालं. ऐकू सगळं येत होतं. पण ‘मी फक्त लांबचा बहिरा’ हे कुठल्या तोंडानं सांगायचं? (शिवाय माहिती फार मोलाची मिळत होती. माझी तपकिरीची डबी कोण लपवतं ते कळलं.) शुक्रवारी मात्र धीर सुटला. वखारीच्या चाव्या कमरेच्या काढून देवापुढे ठेवल्या, रविकिरणला द्यायला.

काल महांतेश कडी आवळायला आला आणि त्यानं खिडकी सताड उघडली. अण्णा, सगळं हेब्बाळ माझ्या मांडीवर येऊन पडलं! हॉर्न, कुकरच्या शिट्ट्या, तळ्यावरची पाखरं, आणि ‘तुमच्या आईनं’ इथून सुरू होणारं मथुराबाईचं वाक्य. लावली, गप्प. उघडली, पुन्हा तुमच्या आईनं. असं नऊ वेळा केलं, तेव्हा कडीच्या काळजीनं महांतेश म्हणाला, ‘सोडा की अण्णा! कानाला काय बी झालं नाही तुमच्या. दोन काचा हाईत, मधी हवा, कडंला रबर. आवाज बाहेरच उभारतोय बघा, चप्पल काढून!’ मी त्याला मिठी मारली. चाव्या पुन्हा कमरेला. रात्रभर लहान मुलासारखा झोपलो, खिडकी लावून.

वहिनींना नमस्कार. आपण नव्या घराला याच खिडक्या बसवा, एवढंच सांगणं.

आपला,
श्रीधरराव

ता. क. घरात मी अजून बहिराच आहे. पुष्पावतीला कळवू नये.

दुसरा ता. क. गुरुवारी आपला फोन आला तेव्हा तिनं स्पीकर लावून तो माझ्याच मांडीशी ठेवला होता. ‘ते जुनं सागवान गुपचूप ट्रकात घालून देवनहळ्ळीला आणू, बहिऱ्याला ट्रक आलेलाही कळायचा नाही,’ हे आपलं बोलणं अगदी स्वच्छ ऐकू आलं. आवाज छान लागला होता.

शेवटचा, आणि खरा ता. क. राग मुळीच नाही. हे घर बांधताना उत्तम माल गिऱ्हाइकांना गेला आणि उरलेला, पांढऱ्या कडेचा, वाळवीच्या आवडीचा, माझ्या चौकटींना लागला. आठ वर्षं दर पाडव्याला मी त्या वाजवतो आणि त्या भद्द बोलतात. लाकूडवाल्याच्याच घरात वाळवी! म्हणून प्लॅस्टिकचं खूळ रविकिरणच्या डोक्यात मीच भरवलं; आकांडतांडव गल्लीसाठी होतं. आता त्या चौकटी व्हरांड्यात पडल्यात आणि माझा पाय बघायला रोज गिऱ्हाइकं येतायत. एखाद्यानं सहज पेर वाजवलं तर माझ्या कानांवर कोण विश्वास ठेवेल? तेव्हा मंगळवारीच ट्रक पाठवा. घराला लावू नका, बंबात घाला. माणसं कितीही आदळआपट करोत, मी खिडकी लावून बसलेला असेन. मला काही ऐकू येणार नाही.